दहावीला गणितात ४३, बाकी विषय चांगले. सायन्स, डिप्लोमा की आणखी काही?

रानजाई

नमस्कार. भाचीसाठी विचारते आहे. कराडजवळच्या गावातली शाळा, सेमी इंग्रजी, राज्य मंडळ. परवा निकाल लागला. मराठी ८६, हिंदी ८४, इंग्रजी ७९, विज्ञान ७४, सामाजिक शास्त्रे ८८ आणि गणित ४३. गुणपत्रिकेवर ८२.२० टक्के.

संध्याकाळी पेढे वाटले आणि रात्री घरात वाद सुरू झाला. भाऊजींचं म्हणणं, ब्याऐंशी टक्के आहेत तर सायन्सच, फिजिक्स-केमिस्ट्री-गणित घेऊन इंटिग्रेटेड कॉलेजात (कॉलेज आणि प्रवेशपरीक्षेचा क्लास एकत्र) टाकू आणि पुढे इंजिनीअरिंग. ताई म्हणते, गणित सोडून बायोलॉजी द्या, पोरीला छळू नका. शाळेतून कुणीतरी सुचवलं की आर्ट्सला घाला, भाषा चांगल्या आहेत. पोरीला कॉम्प्युटरची मनापासून आवड आहे. पण निकालापासून ती एकच वाक्य बोलते, "मला गणित येत नाही, म्हणजे ते माझ्यासाठी नाही." तिचं हे बोलणं मला फार लागलंय.

या ४३ मुळे नेमकं काय बंद होतं आणि काय होत नाही? अनुभवाचं कुणी सांगेल का?

खडू_फळा

ताई, मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. दरवर्षी जूनमध्ये अशा घरांशी बोलतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ८२.२० चा हिशोब बघा. मंडळ सहापैकी सर्वोत्तम पाच विषय धरतं. तुमच्या भाचीचे गणित सोडून बाकी पाच विषय मिळून ४११ होतात, ५०० पैकी. म्हणजे गुणपत्रिकेवरच्या टक्क्यांत गणिताचा एकही गुण नाही. अकरावी सायन्सचा प्रवेश याच टक्क्यांवर होतो, त्यामुळे तिथे कुणी तिला अडवणार नाही. मला काळजी वाटते ती याचीच. दार उघडं असतं म्हणून मुलं आत येतात आणि ऑगस्टपर्यंत वर्गात गप्प होऊन जातात.

दुसरं, ४३ मधले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. तिथे बहुतेक शाळा १८-१९ देतात. तसं असेल तर लेखी ८० पैकी २४-२५ च पडलेत. ते बीजगणितात गेले की भूमितीत, हे गुणपत्रिकेवरून कळणार नाही. मंडळाकडे उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज करा. गुण वाढावेत म्हणून नाही, चुका कुठे झाल्या ते दिसावं म्हणून.

आता दारांचं. लोक दोन गोष्टी एकात मिसळतात. काही ठिकाणी बारावीला गणित हा विषय असावाच लागतो. इंजिनीअरिंग, आर्किटेक्चर, एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) हवाई दल किंवा नौदल, पुण्यातलं बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स या सगळ्यांना तो लागतो. दहावीच्या ४३ ने यातलं काहीही बंद होत नाही. पण अकरावीत गणित सोडलं की हे सगळं एका सहीसरशी बंद होतं, आणि ती सही करताना पालकांना त्याची कल्पना नसते. दुसरीकडे असे अभ्यासक्रम आहेत जिथे प्रवेशाला गणित विचारत नाहीत, पण आत गेल्यावर ते समोर येतंच. त्याबद्दल इतर लोक लिहितीलच.

म्हणून माझं मत असं, की "गणित घ्यायचं की सोडायचं" हे टक्क्यांवर किंवा निकालाच्या रात्रीच्या रडण्यावर ठरवू नका. तिचं नेमकं कुठं अडलंय ते आधी शोधा.

माळरान

सरांबद्दल आदर आहे, पण मी वेगळं सांगणार. माझ्या मुलाला दहावीला गणितात ५१ होते. इंटिग्रेटेड कॉलेज घेतलं, फी लाखाच्या घरात. तिथे पहिल्या दिवसापासून सीईटीचे, म्हणजे इंजिनीअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचे, प्रश्न. वर्गातली निम्मी मुलं अकरावीचं गणित आधीच करून आलेली. आमचा मुलगा सहा महिन्यांत इतका खचला की जेवायला ताटावर बसायचा नाही. बारावीला गणितात काठावर पास, सीईटीत पर्सेंटाइल सांगण्यासारखं नाही. दोन वर्षं त्याने रोज स्वतःला मूर्ख समजून काढली. ती दोन वर्षं त्याला कोण परत देणार?

ताई, भाऊजींना हे वाचून दाखवा. गणितात ४३ असताना इंटिग्रेटेड म्हणजे पोरीला पाण्यात ढकलणं आहे. आज तो बी.कॉम. करतोय आणि माणसात आलाय.

रानजाई

माळरान दादा, मनापासून लिहिलंत. भाऊजींना आत्ताच पाठवते. मुलगा सावरला हे वाचून बरं वाटलं.

खडू_फळा

माळरान, इंटिग्रेटेडबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. सीईटीच्या पीसीएम गटात फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे पन्नास-पन्नास प्रश्न एकेका गुणाचे असतात आणि गणिताचे पन्नास प्रश्न दोन-दोन गुणांचे. २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. त्यामुळे अशा वर्गांचा सगळा वेग गणितावर ठरतो आणि पाया कच्चा असलेलं मूल पहिल्याच महिन्यात मागे पडतं. पण तुमच्या मुलावर जे ओढवलं ते गणित या विषयामुळे की त्या वेगामुळे, हे मला वेगळं करावंसं वाटतं. साध्या कनिष्ठ महाविद्यालयात, घरी रोज तासभर मागचा अभ्यास भरून काढत ४५ वरून बारावीला सत्तरीत गेलेली मुलं मी पाहिली आहेत. सगळी जात नाहीत. जी जातात त्यांना आपलं काय राहिलंय हे माहीत असतं.

सह्यकडा

डिप्लोमाचं कुणी बोललं नाही अजून! मी दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनीअरिंग, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. दहावीला गणितात मलाही पन्नाशीच्या आतच होते.

कॉम्प्युटरची आवड आहे ना, मग हा रस्ता नीट बघा. प्रवेश दहावीच्या टक्क्यांवर. बारावी नाही, सीईटी नाही. तीन वर्षांनी डिप्लोमाच्या गुणांवर पदवीच्या दुसऱ्या वर्षात जाता येतं, तिथेही सीईटी लागत नाही.

पण डिप्लोमात गणित नसतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पहिल्या सत्रात बेसिक मॅथेमॅटिक्स: लॉगॅरिदम, मॅट्रिसेस, त्रिकोणमिती, डेरिव्हेटिव्ह. दुसऱ्या सत्रात इंटिग्रेशन आणि डिफरन्शिअल इक्वेशन. म्हणजे जे बाकीची मुलं अकरावी-बारावीत दोन वर्षांत शिकतात त्यातला बराच भाग एका वर्षात. फरक इतकाच की प्रश्नांचा साचा ठरलेला असतो, खोली कमी असते, आणि हाताने केलेल्या कामाला, प्रॅक्टिकलला गुण असतात. पहिल्या वर्षी आमच्या बॅचमध्ये सर्वात जास्त मुलं गणितातच राहिली. मी वाचलो कारण हॉस्टेलवर एक सिनिअर रोज रात्री सोडवून घ्यायचा. पुढे डिग्रीला एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर आला, लाप्लास आणि फुरिए. बारावी करून आलेल्या मुलांपेक्षा डिप्लोमावाल्यांना ते जड जातं, हे आधीच माहीत असलेलं बरं.

आणि एक. मुलींसाठी २०२४ पासून राज्य सरकारची शुल्कमाफी आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीतल्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून घ्यावा लागतो. दाखले आत्ताच काढायला टाका, जूनमध्ये सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते.

ताळेबंद

कॉमर्सचा विचार निघाला तर, मी सध्या सीएची आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचं प्रशिक्षण) करतेय. अकरावी कॉमर्सला बऱ्याच कॉलेजांत गणित किंवा एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) असा पर्याय असतो आणि दहावीला कमी गुण असलेली मुलं डोळे मिटून एसपी घेतात. मग बारावीनंतर सीए फाउंडेशनला, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेला, बसतात आणि तिसरा पेपर समोर येतो: क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूड. शंभर गुणांत ४० व्यावसायिक गणित, ४० संख्याशास्त्र, २० तर्क. चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापतात. प्रत्येक पेपरात किमान ४० हवेत आणि एकूण ५० टक्के. माझ्या ओळखीची दोघं-तिघं फक्त या पेपरात अडकली, अकाउंट्समध्ये ती माझ्यापेक्षा हुशार होती.

तरीही रस्ता आहे. ५५ टक्क्यांनी बी.कॉम. झालात तर फाउंडेशन न देता थेट इंटरमिजिएटला नोंदणी होते. वेळ जास्त जातो इतकंच.

तुमच्या भाचीला एक विचारा: बीजगणितातला 'अर्थनियोजन' हा धडा कसा वाटला? जीएसटी, शेअर्स, म्युच्युअल फंड. काही मुलांना समीकरणं नकोशी वाटतात पण पैशांची गणितं झरझर जमतात. तिचं तसं असेल तर कॉमर्सला जाणं म्हणजे हार नव्हे.

मांडवी

मी मडगावला नर्स आहे. बायोलॉजी घेतलं की गणित संपलं असं ताईंना वाटत असेल तर माझं ऐका. बारावीला मला गणित नव्हतं आणि नर्सिंगच्या प्रवेशाला ते कुणी विचारलंही नाही. पण वॉर्डात रोज लागतं. ५०० मिली सलाइन ४ तासांत द्यायचं, सलाइनच्या नळीचे (सेटचे) २० थेंब म्हणजे १ मिली, तर मिनिटाला किती थेंब? ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, म्हणजे साधारण ४२. लहान मुलाचा डोस वजनावर काढायचा असतो, तिथे दशांश चिन्ह एक घर सरकलं तर दहापट औषध जातं. नव्या मुली येतात त्यांच्याकडून मी पहिले काही दिवस हेच करून घेते. ज्यांना शाळेत "तुला गणित येत नाही" असं सांगितलेलं असतं त्या आकडा बघितल्याबरोबर थिजतात, येत असूनसुद्धा.

हे गणित सातवीचं आहे. तेवढं पक्कं असणं प्रत्येकीचा हक्क आहे, ती कुठल्याही शाखेला जावो. बायोलॉजी आवडत असेल तर जरूर घ्या. फक्त पळून जाण्यासाठी घेऊ नका.

चिमणचारा

वेगळा मुद्दा मांडते, कारण आमच्या घरी तो कळायला फार उशीर झाला. माझ्या मुलाला डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे संख्या समजण्यातली अध्ययन अक्षमता आहे. भाषा उत्तम, चित्रकला उत्तम, पण ३६ आणि ६३ यांत गोंधळ, घड्याळ बघता येत नव्हतं, दुकानात किती सुट्टे परत यायला हवेत ते सातवीतही सांगता यायचं नाही. आम्ही त्याला आळशी म्हणत राहिलो, ट्यूशन वाढवत राहिलो.

शेवटी मुंबईत सायनच्या रुग्णालयात तपासणी झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि आपल्या मंडळात अशा मुलांना प्रमाणपत्रावर जादा वेळ, कॅल्क्युलेटर आणि गणिताऐवजी पर्यायी विषय अशा सवलती मिळतात. पण प्रमाणपत्र परीक्षेच्या आधी, वेळेत द्यावं लागतं. निकाल लागल्यावर उपयोग नाही.

तुमच्या भाचीला विज्ञानात ७४ आहेत, त्यामुळे तिचं तसं नसेलही. पण लहानपणापासून संख्यांशीच झगडा असेल तर बारावीच्या आधी एकदा तपासून घ्या. आणि इथे वाचणाऱ्या ज्यांची मुलं सहावी-सातवीत आहेत, त्यांनी दहावीची वाट बघू नका, कळकळीने सांगते.

रानजाई

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत की काय बोलू. चिमणचारा ताई, घड्याळ, सुट्टे पैसे वगैरे तिला लहानपणापासून नीट जमतं, त्यामुळे तसं वाटत नाही. तरी ताईच्या कानावर घातलंय.

खडू_फळा सर, 'नेमकं कुठं अडलंय' ते शोधायचं कसं? छायाप्रतीला अर्ज केलाय, पण यायला वेळ लागेल.

खडू_फळा

तोवर तीन प्रश्न द्या. कागद-पेन्सिल, वेळेचं बंधन नाही, आणि "सोपं आहे" असं म्हणू नका. पहिला, ३/४ वजा ५/६. दुसरा, −७ वजा −३. तिसरा, एका वस्तूची किंमत २० टक्क्यांनी वाढवली आणि मग नवी किंमत २० टक्क्यांनी कमी केली, तर मूळ किमतीच्या तुलनेत काय झालं? उत्तर चूक की बरोबर यापेक्षा तिने कसं काढलं ते मला लिहा.

रानजाई

केलं. पहिल्याचं उत्तर तिने १ काढलं. वर ३ वजा ५ म्हणजे −२, खाली ४ वजा ६ म्हणजे −२, भागले की १. दुसऱ्याचं −१०. तिसऱ्याला "तेवढीच राहील" म्हणाली. मग मी १०० रुपये धरून करायला सांगितलं तेव्हा तिनेच १२०, मग ९६ काढले आणि म्हणाली, "अगं मावशी, हे तर चार रुपयांनी कमी झालं!" तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

खडू_फळा

ताई, हे वाचून मला आशा वाटते. कारण सांगतो.

पहिल्या उत्तरात तिने नियम लावलाय, फक्त तो चुकीचा आहे. छेद समान करायचा असतो हे सहावीत निसटलं आणि नंतर कुणी थांबून विचारलं नाही. दुसऱ्यात ऋण चिन्हांचा घोटाळा. आता विचार करा, वर्गसमीकरणात सूत्र घातलं की लगेच ऋण चिन्हं आणि अपूर्णांकच येतात. मुलगी पहिल्या दोन पायऱ्या बरोबर करते, तिसरीत चिन्ह चुकतं, उत्तर चूक. घरचे म्हणतात वर्गसमीकरण येत नाही. तिला ते येतं! तिला सहावी-सातवीचं एक पान येत नाही. आणि तिसऱ्या प्रश्नात मूर्त आकडा दिल्याबरोबर तिने स्वतःची चूक स्वतः पकडली. प्रोग्रॅम लिहिताना दिवसभर हेच करावं लागतं, एखादी साधी किंमत घालून बघायचं आणि कुठे चुकतंय ते शोधायचं.

बालभारतीची जुनी पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात. सहावीतलं 'अपूर्णांकांवरील क्रिया', सातवीतलं 'परिमेय संख्या व त्यांवरील क्रिया', आठवीतलं 'बैजिक राशींचे अवयव'. एवढंच, याच क्रमाने. दहावीच्या पुस्तकाला आत्ता हात लावू नका, आणि सुट्टीतले अकरावीचे 'फाउंडेशन' वर्ग तर अजिबात नकोत. कॉलेज सुरू होईपर्यंत रोज पाऊण तास पुरे. तिला लाज वाटेल सहावीचं पुस्तक उघडायला, म्हणून शेजारी बसा.

पहाटधाव

मी गेली काही वर्षं पोलीस भरतीची तयारी करतोय, आर्ट्समधून. दहावीनंतर गणित सुटलं म्हणून खूश होतो. लेखीच्या शंभर गुणांत गणित आणि बुद्धिमत्ता ठाण मांडून बसलेत: शेकडेवारी, सरासरी, काळ-काम-वेग, नफा-तोटा. मैदानात माझे गुण चांगले पडतात, लेखीत इथेच जातात. बँकेची परीक्षा, तलाठी, सगळीकडे हेच. त्यामुळे सरांनी सांगितलेली तीन प्रकरणं मीही आजपासून घेतोय. धन्यवाद सर.

सह्यकडा

पहाटधाव, तुझ्या गावाजवळ अभ्यासिका असेल तर एखादा डिप्लोमाचा मुलगा गाठ आणि दोघं मिळून करा. एकट्याने हे रेटत नाही. शुभेच्छा!

रानजाई

छायाप्रत आली. सर, तुमचा अंदाज खरा ठरला. अंतर्गतचे १९, बीजगणित १५, भूमिती ९. बीजगणितात दोन ठिकाणी मांडणी बरोबर आणि शेवटच्या पायरीत चिन्ह चुकलेलं. भूमितीत मात्र प्रमेयं कोरीच सोडलीत, रचनाही अर्धवट. विचारलं तर म्हणाली, नववीत भूमितीचे तास जवळजवळ झालेच नाहीत.

भाऊजी उत्तरपत्रिका घेऊन बराच वेळ बसले. मग इंटिग्रेटेडचा विषय त्यांनीच बंद केला. आता ठरलंय ते असं: डिप्लोमाचा अर्ज भरलाय, कॉम्प्युटर आणि आयटीला पहिली पसंती, अंतर टाळून घराजवळची तंत्रनिकेतनं वर. सोबत अकरावीचाही अर्ज भरून ठेवलाय, साधं कॉलेज, गणित घेऊन. कॉम्प्युटर शाखा मिळाली नाही तर इलेक्ट्रॉनिक्स घ्यायचं की अकरावीला जायचं, यावर ताई आणि भाऊजींचं अजून एकमत नाही. मला वाटतं तिथे पोरीलाच ठरवू द्यावं.

सहावीचं पुस्तक संपलं, सातवीचं चालू आहे. मी संध्याकाळी फोनवर असते, ती सोडवते आणि मोठ्याने सांगते. परवा तिने एका छोट्या प्रोग्रॅममध्ये दोन अपूर्णांकांची बेरीज करून दाखवली, छेद समान करून.

सह्यकडा

वा! फेरीत कॉम्प्युटर हुकलं तरी घाबरू नका. पुढच्या फेरीत जागा हलतात, आणि इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून डिग्रीला कॉम्प्युटर घेतलेले माझ्याच वर्गात होते. पहिल्या सत्राच्या गणिताच्या जुन्या प्रश्नपत्रिका लागल्या तर सांगा, पाठवतो.

आंबेमोहर

हा धागा आज वाचला. माझा पुतण्या यंदा बारावी सायन्सला गणितात नापास झालाय, बाकी विषय निघालेत. सीईटी दिलीय, पर्सेंटाइल ठीकठाक. घरी कुणी त्याच्याशी बोलत नाही. त्याच्यासाठी काही आहे का?

खडू_फळा

आधी त्याच्याशी बोला, आजच. मग कॉलेजच्या कार्यालयात जाऊन पुरवणी परीक्षेचा अर्ज भरा. तो कॉलेजमार्फतच जातो आणि मुदत निकालानंतर लवकर संपते. एकच विषय राहिलाय, तो जून-जुलैच्या परीक्षेत निघू शकतो. इंजिनीअरिंगच्या पात्रतेला फिजिक्स, गणित आणि तिसरा विषय मिळून खुल्या गटाला ४५ टक्के लागतात, राखीव गटाला ४०, म्हणून नुसतं ३५ वर थांबू नका, बेरीज करून बघा किती हवेत. पुरवणीचा निकाल आणि प्रवेशफेऱ्यांच्या तारखा जुळतातच असं नाही. न जुळल्यास बारावी सायन्स उत्तीर्ण म्हणून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाचा अर्ज हाताशी ठेवा.

त्याचे गणिताचे गुण किती आहेत आणि त्याला इंटिग्रेशन जड गेलं की व्हेक्टर, एवढं विचारून इथे लिहा. पुढचं त्यावर बोलू.